पुट

चोवीस डिसेंबर उजाडायला अजून चार तास आहेत.
मनामातल्या एका हॉटेलच्या तळघरात,
पेस्ट्रीच्या थंड खोलीत,
मी द्राक्षांना साखर नेसवतोय.

हातात सगळ्यात मऊ ब्रश.
अंड्याचा पांढरा बलक नुसता मोडलेला. फेस नको,
फेस आला की साखर गुठळ्यांनी बसते.
एक पातळ हात फिरवायचा,
मग चिमटीतून साखर सोडायची,
अंगारा लावावा तशी, वाया न घालवता,
आणि घड जाळीवर.
सकाळपर्यंत त्याच्याशी बोलायचंसुद्धा नाही.

क्रॅनबेरींची तऱ्हा वेगळी,
त्या आधी पाकात, मग ताटात.
नुवान ताट हलवतो, त्या खडखडतात.
कुमक्वाटच्या चकत्या मंद आचेवर तासभर,
पलीकडचं बोट दिसेपर्यंत.
रोझमेरीच्या काड्यांवर बर्फ पाडायचा आहे,
म्हणजे साखरच.
बर्फ आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही.
रोवेना म्हणते, फ्रीजरमधला धरायचा की नाही?

दार उघडलं की समुद्र आत येतो.
शेफ गस्सान त्याला रुतूबा म्हणतात,
मी दमट हवा म्हणतो.
साखरेला दोन्ही भाषा कळतात.
तिला लगेच पाझर फुटतो,
आणि केलेलं द्राक्ष पुसून पुन्हा करावं लागतं.

बिल्ल्यावर माझं आडनाव आहे: चितारी.
सात वर्षांत कुणी अर्थ विचारला नाही,
मीही सांगत बसलो नाही
की सावंतवाडीला आमच्या पडवीत
पांगाऱ्याच्या लाकडाची केळी पिकायची.
चिंचोक्याची खळ, तिच्यावर पांढरं पुट,
ते वाळलं की पिवळं,
मग केळ्याच्या टोकाला काळा, एका केसाच्या ब्रशने.
बाबा श्वास धरून रंगवायचे.
आम्ही पोरंही धरायचो, उगाच.
आणि मी पहिलं सफरचंद रंगवलं, लालबुंद, गुळगुळीत,
तेव्हा ते बघून म्हणाले,
डाग इसरां नको. डाग नसलो तर
फळ खरां दिसना नाय.

इथे डागी फळाला वेगळा डबा आहे.
हॉलंडहून विमानाने आलेली लाल करंट,
एक दाणा सुरकुतला तरी अख्खा तुरा डब्यात.
बाबा लाकडाचं फळ खरं करायचे.
मी खऱ्या फळाचं काय करतो,
ते कळवायला एकदा फोटो पाठवला.

आजही पाठवला. जाळीभर द्राक्षं,
ट्यूबलाइटखाली चमकणारी.
इथे दोन, तिकडे साडेचार,
पण म्हातारा जागा होता.
उत्तर आलं दोन शब्दांचं:
डाग खंय?

हसलो. नुवानने विचारलं, काय झालं?
काही नाही म्हटलं,
आणि शेफची पाठ वळल्यावर
एका द्राक्षावर नखाएवढी जागा कोरडी ठेवली.
तिथे साखर धरली नाही.
तिथे ते नुसतं जांभळं राहिलं.

दुसऱ्या रात्री ताटं परत आली.
केक संपलेला, क्रीम चाटलेलं,
आणि कडेला माझी फळं, जशीच्या तशी,
थोडी रडवेली.
सजावट कुणी खात नाही,
ते मला ठाऊक होतं, पगारही त्याचाच आहे.
भांडी घासणाऱ्या जमालने कचऱ्यात रितं करताना
एक घड वर धरला:
हे बघ, कुणीतरी चावलंय.
एकच द्राक्ष, अर्धं. चाव्याची कड बारीक,
पोराची असावी.
ते डागाचंच होतं का, सांगता येणार नाही.
साखर तोवर सगळ्यांचीच उतरली होती.

आमच्या घरी एक लाकडी चिकू आहे.
मालूताईने दीड वर्षाची असताना चावलेला,
दोन दात वर, दोन खाली.
बाबांनी त्यावर पुन्हा पुट चढवलं नाही.
गिऱ्हाईक विचारायचं, हा केवढ्याला,
तर म्हणायचे,
तो इकूचो नाय.